अकरावं वचन

“झरा म्हणे! झऱ्याला कुणी इचारलंय का कधी, बाई, तुझी हद्द कुठवर ते?”

अगदी माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. मी दचकले आणि चिमटीतला शिशाचा खिळा खाली पडला. शेजारच्या स्टुलावर इंदूआक्का बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर शाईचं ओलं प्रूफ. त्यांचं बोट ज्या ओळीवर टेकलं होतं ती ओळ आदल्या दिवशी मीच जुळवली होती: ‘बहीण म्हणजे मायेचा अखंड झरा.’

“काही चुकलंय का, आक्का?”

“न्हाई गं. अक्षरं बरोबर हाईत.” त्यांनी चष्मा पदराला पुसला. “अक्षरंच तेवढी बरोबर हाईत.”

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. मी तेवीस वर्षांची होते आणि विट्याच्या बाजारपेठेत शेट्यांच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत होते. माझे वडील तिथंच मशीन चालवायचे. ते गेले तेव्हा मी दुसरीत होते. मालकांनी आईला आणि मला कागदाच्या घड्या घालायला बसवलं. घड्या घालता घालता मी खिळ्यांवरची अक्षरं ओळखायला लागले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे मला आधी उलटं वाचायला आलं आणि सरळ नंतर. पुढं आयुष्यात याचा फार उपयोग झाला. माणसं जे म्हणतात ते उलटं करून वाचलं की बहुतेक वेळा बरोबर लागतं.

इंदूआक्का या रंगराव आप्पांच्या थोरल्या बहीण. आप्पांचे तीन ट्रक, खताचं दुकान, देवळाच्या कमानीवर नाव, शाळेच्या घंटेवर नाव. त्यांनी एक पाण्याची टाकी दिली होती, तिच्यावर त्यांचं नाव एवढं मोठं होतं की टाकी गळते हे कळायला गावाला दोन वर्षं लागली. तर या आप्पांची साठी आली. साठीनिमित्त त्यांनी साठ वचनं रचली. म्हणजे बोलली, शाळेतल्या एका कारकुनानं ती उतरवून घेतली. जीवन, प्रेम, पैसा, माणसाचा स्वभाव, काही म्हणून सोडलं नव्हतं. पुस्तिकेचं नाव ‘रंगवचने’. समारंभात पाचशे प्रती फुकट वाटायच्या होत्या.

आप्पांना स्वतःचं लिहिलेलं परत वाचायचा कंटाळा. प्रूफं वाचायला त्यांनी आक्कांना धाडलं. चौथी शिकलेल्या, घरात बसून असतात, आणि घरचं माणूस, बाहेर बोलणार नाही. हे शेवटचं कारण आप्पांनी मालकांना माझ्यादेखतच सांगितलं होतं. मी भिंतीतला खुंटा असल्यासारखं.

रोज दुपारी जेवणं उरकून आक्का यायच्या. कापडी पिशवीत चष्मा, पेन्सिल आणि माझ्यासाठी कशाची तरी पुडी, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी धपाट्याचा तुकडा. स्टुलावर बसायच्या आणि एकेक वचन वाचून मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात त्याला उत्तर द्यायच्या.

‘समाधानी माणसाला अर्धी भाकरीही पुरते.’

“ज्याच्या ताटात चार असत्यात त्यालाच अर्धीचं कौतिक.”

‘पैसा हा हाताचा मळ आहे.’

“मग हात धू की, लेका.”

‘रिकाम्या हाताने आलो, रिकाम्या हातानेच जायचे.’

“मधल्या वेळात काय केलंस, ते लिव्ह.”

मी हसून हसून ओळीच्या ओळी चुकवायचे. मालक आतून ओरडायचे, “शालन, काय तमाशा लावलाय?” आक्का लगेच पेन्सिल कागदावर टेकवून एखादी वेलांटी सुधारल्यासारखं करायच्या. त्यांच्या तोंडावरची एक रेष हलायची नाही. मला वाटायचं, ही बाई भावाचा केवढा तिटकारा करते! पण मग एखाद्या दिवशी त्या म्हणायच्या, “रंगा धाकटा असताना ‘ळ’ काढायचा न्हाई. म्हणायचा, लई वळवळतंय. मी त्याचं बोट धरून काढून घ्यायची.” आणि साठाव्या वचनापर्यंत जिथं जिथं ‘ळ’ आला असेल तिथं क्षणभर त्यांचं बोट थांबायचं. आई गेली तेव्हा रंगा दीड वर्षाचा होता. नऊ वर्षांच्या आक्कांनी त्याला कडेवर वागवला. लग्न होऊन गेल्या, एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून परत आल्या, आणि आल्या त्या विहिरीच्या रानात राबायला लागल्या. चाळीस वर्षं. आप्पांनी ट्रक घेतले, दुकान टाकलं. रान आक्कांनी ओढलं.

“त्या विहिरीकडच्या तुकड्यात मला दोन खोल्या घालायच्यात,” एकदा त्या म्हणाल्या. वचनाला उत्तर दिल्यासारखं नव्हे, साधंच. “पत्र्याच्या चालतील. एक चूल, एक माच. बास. रंगाची सून चांगली हाय, पर फ्रीज आला तवा माझी वळकटी माजघरातनं पडवीत गेली. आता धुण्याचं मशीन येतंय म्हणं. पडवीच्या पुढं काय हाय, सांग बरं?”

पडवीच्या पुढं अंगण होतं.

“मग आप्पांना सांगा की.”

“सांगायचं काय त्यात? त्याला ठावं हाय.”

ठाऊक सगळ्या गावाला होतं. आक्कांचे वडील, दादा, गेले तेव्हा तलाठ्यानं वारस म्हणून दोघांचीही नावं लावली होती, भावाचं आणि बहिणीचं. पण आमच्याकडे बहिणीचं नाव सातबाऱ्यावर कसं असतं? हळदीच्या कार्यात लावलेल्या केळीच्या खांबासारखं. कार्य झालं की उपटून टाकायचं. भाऊ म्हणतो, “आक्के, तेवढं हक्कसोडीचं बघू.” बहीण कचेरीत जाते, अंगठा नाहीतर सही देते, अंगावर नवं लुगडं असतं, आणि येताना भाऊ तिला हॉटेलात भजी खाऊ घालतो. गावात अशी भजी न खाल्लेली बाई शोधून सापडली नसती. माझ्या आईनंही खाल्ली होती. तिला ती अजून आठवायची, फार कुरकुरीत होती म्हणायची.

आप्पांनी इतकी वर्षं हक्कसोडीचं काढलं नव्हतं, कारण गरज पडली नव्हती. आता पडली. साठीच्या समारंभात ते विहिरीकडचा तुकडा गावाला वाचनालयासाठी दान देणार होते. ‘रंगराव सार्वजनिक वाचनालय’, फलक रंगवायला गेलासुद्धा होता. रविवारी घोषणा आणि सोमवारी सकाळी कचेरीत आक्कांची सही. शाळेतला कारकून निमंत्रणपत्रिकेचा मजकूर घेऊन आला, त्याच्याकडून हे आम्हांला कळलं. तो मजकूर मीच जुळवला. आक्कांनी प्रूफ वाचलं. ‘विहिरीलगतची जमीन’ या शब्दांवर त्यांची पेन्सिल गेली आणि तशीच पुढं सरकली.

त्या दिवशी त्या काही पुटपुटल्या नाहीत. मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी मी मालकांपाशी विषय काढला. “मालक, ती जमीन तर आक्कांची…”

“शालन,” मालक म्हणाले, “आपण छापायचं. खरंखोटं गिऱ्हाइकाचं.”

हेही एक वचनच होतं. फक्त मालक नम्र, त्यांनी पुस्तिका काढली नाही.

शेवटी अर्पणपत्रिका आली. आप्पांनी खास लिहवून घेतली होती: ‘जिने आयुष्यात कधी काही मागितले नाही, त्या माझ्या थोरल्या भगिनीस.’

आक्कांनी ती दोनदा वाचली. ‘भगिनी’तल्या ‘गि’ची वेलांटी मी दीर्घ लावली होती, त्यांनी तेवढी ऱ्हस्व केली. मग चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “बघितलंस? आधीच बांधून टाकलं. आता मागितलं तर पुस्तक खोटं पडंल.”

“आक्का, सही करू नका.”

हे मी म्हणाले, पण फार हळू. इतकं हळू की पुढं कधी कुणी विचारलं असतं तर ‘मी म्हणाले होते’ असं सांगता आलं असतं आणि नाकारताही आलं असतं. गावातल्या सगळ्यांना हीच पट्टी साधलेली. आक्कांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

“आन् जायचं कुठं, शालन?” एवढंच त्या म्हणाल्या.

आता चुकीचं सांगते.

लगीनसराई चालू होती. पत्रिकांवर पत्रिका. लग्नपत्रिकेत सगळ्यांत जास्त लागणारं अक्षर म्हणजे ‘च’. चि. हा, चि. सौ. कां. ती, आमचे चिरंजीव, त्यांचे चिरंजीव. छापून झालं की ते खिळे सोडून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. हात आपोआप चालतो, डोळे बघत नाहीत. एका दमलेल्या दुपारी माझ्या हातानं मूठभर ‘च’ शेजारच्या ‘थ’च्या खणात टाकले. जुळवताना बोटं खणाकडे जातात, अक्षराकडे नाही. दुरुस्तीत सुटलेली अकराव्या वचनाची ओळ पुन्हा जुळवताना ‘थ’च्या खणातून जे निघालं ते मी लावलं.

अकरावं वचन होतं: ‘जो देतो तोच थोर.’

शेवटचं प्रूफ मी आक्कांच्या हातात दिलं. त्या दहापर्यंत सरळ वाचत गेल्या. अकराव्यावर थांबल्या. मी मान वाकडी करून बघितलं.

‘जो देतो तोच चोर.’

“शालन,” आक्का अगदी शांतपणे म्हणाल्या, “हे तू मुद्दाम केलंस?”

“नाही, आक्का, आईशप्पथ! खणात च मिसळलेत. द्या इकडं, आत्ता बदलते.”

त्यांनी कागद माझ्या हाताबाहेर धरला. “मुद्दाम न्हाई?”

“नाही हो.”

“मग राहू दे. मुद्दाम केलं असतंस तर सुधारलं असतं.”

आणि त्यांनी पेन्सिलीनं खाली ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली. वळणदार, चौथीतली सही. मी आत जाऊन मालकांना सांगू शकत होते. चिमट्यानं दोन मिनिटांचं काम होतं. मी मशीनवाल्याला कागद दिला आणि पाणी प्यायला गेले. बराच वेळ पाणी प्यायले.

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव. गाव लोटलं होतं, कारण जिलेबी होती. आप्पा फेट्यात, शेजारी आमदारांचा कुणी माणूस, कोपऱ्यातल्या खुर्चीत नव्या हिरव्या इरकल लुगड्यात आक्का. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका. मी मागच्या रांगेत बसले होते आणि माणसांच्या पाठी बघत होते. पान उलटायचा एक आवाज असतो. पहिलं पान, दुसरं पान, आणि मग एकेक पाठ ताठ व्हायची. शेजाऱ्याला कोपर. शेजाऱ्याची पाठ ताठ. मग खोकला. मांडवात एवढा खोकला मी थंडीतही ऐकला नव्हता.

मुख्याध्यापक भाषणाला उठले. आप्पांच्या वचनांनी आपलं जीवन कसं उजळलं हे सांगून ते एकेक वचन मोठ्यानं वाचायला लागले. दहाव्यापर्यंत आवाज खणखणीत. “…रिकाम्या हातानेच जायचे! आणि अकराव्या वचनात तर आप्पासाहेबांनी कळसच… जो देतो तोच…”

थांबले. चष्मा वर केला, खाली केला. तांब्यातलं पाणी प्यायले. मांडवात जिलेबीवरच्या माश्या ऐकू येत होत्या.

“…बारावे वचन!” मुख्याध्यापक म्हणाले.

आप्पा मान डोलावत होते. पुस्तिकेत त्यांनी फक्त आपला फोटो बघितला होता. पाचशे माणसांना अक्षर न् अक्षर कळलं होतं, आणि पाचशेंपैकी एकानंही त्यांना सांगितलं नाही. उलट ओळीनं पाया पडले. “आप्पा, काय लिहिलंय! काळजाला भिडलं.” एवढा मोठा मांडव भरून भित्रेपणा मी पुन्हा पाहिला नाही. मीही रांगेत उभी राहून पाया पडले. जिलेबी चांगली होती.

घोषणा झाली, टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या वेळी सगळ्यांनी एकदा आक्कांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, मयताकडे बघून काढतात तशी. आक्का समोर बघत होत्या.

सोमवारी सकाळी दहाला छापखान्याच्या दारात जीप थांबली. कचेरीकडेच निघाली होती ती. मागं वकील मांडीवर कागद घेऊन बसला होता, शेजारी कालच्याच हिरव्या लुगड्यात आक्का. आप्पा उडी मारून खाली उतरले. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच. न्हाव्यानं दाढी करता करता म्हटलं होतं, “आप्पा, तुमचं अकरावं वचन लई गाजलं बघा.” आप्पांनी तिथंच पुस्तिका मागवून वाचली होती.

“शेटे! कुणी जुळवलं हे?”

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांना जराही वेळ लागला नाही.

“हिला आत्ताच्या आत्ता काढायची. आन् मी काय म्हणतो शेटे, ह्या गावात हिला पुन्हा कुणी कामाला घेतलं तर…”

“आप्पा, पोरीची चूक झाली. लगीनसराई आहे, खिळे मिसळतात,” मालक हात जोडत होते. “काढतो. काढलीच समजा.”

मी उभी होते. हात शाईनं काळे, ते कुठं ठेवावेत कळत नव्हतं. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. घरी दुसरं कुणी कमावणारं नव्हतं.

जीपचं दार वाजलं. आक्का सावकाश उतरून आत आल्या. “रंगा, पोरीला बोलू नकोस. शेवटचं प्रूफ मी वाचलंय. शेटे, दावा त्याला.”

मालकांनी तारेला अडकवलेल्या कागदांतून ते प्रूफ काढलं. आप्पांनी बघितलं. अकरावं वचन, खाली ‘ठीक’, खाली सही.

“तुला दिसलं न्हाई, आक्का? चष्मा बदलू या म्हटलं हुतं मी. दिसलं नसंल, व्हय ना?”

किती मायेनं विचारलं त्यांनी! वाट करून देत होते. एक ‘व्हय’ म्हटलं असतं की सगळं मिटलं असतं. चष्मा नवा आला असता, कचेरीनंतर भजी आली असती.

“दिसलं,” आक्का म्हणाल्या.

“मग?”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वकिलानं जीपमधूनच घड्याळ दाखवलं, अकराला साहेब उठतात अशी खूण केली. आक्कांनी तिकडं बघितलं आणि रोजच्यासारख्या त्या स्टुलावर बसल्या. हिरवं लुगडं शाईच्या डागांवर टेकलं. त्यांनी ते सावरलं नाही.

आप्पांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. रस्त्यावर माणसं थांबायला लागली होती. शेजारचा शिंपी गळ्यात टेप घालून दारात, समोरचा पानवाला फळीवरून उतरून रस्त्यात. सगळे कालच्या मांडवातलेच.

“साऱ्या गावात माझी अब्रू गेली!” आप्पा ओरडले. “साठ वरसं ह्या गावाला देत आलो मी. टाकी दिली, कमान दिली, घंटा दिली. आन् मला चोर म्हणायचं? शेटे, तुम्ही सांगा. देवाशप्पथ सांगा. कुणाचं काय घेतलंय मी?”

“छे, छे, आप्पा,” मालक जमिनीकडे बघत म्हणाले.

“तू सांग गं पोरी. कुणाचं घेतलंय?”

माझ्या तोंडात शब्द होता. अक्षरं जुळलेली होती. मी खणाकडे बघत राहिले.

आप्पा दाराकडे वळले. “तुम्ही सांगा रे! एवढं गाव उभं हाय. या, पुढं या, कुणीबी या आन् सांगा, रंगरावानं आमचं अमुक घेतलं!”

शिंप्यानं टेप गुंडाळायला घेतली. पानवाल्यानं चपलेनं धूळ सारखी केली. कुणी हललं नाही, कुणी गेलंही नाही.

“बघ, आक्का,” आप्पा श्वास घेत म्हणाले. “बघ. एकतरी माणूस पुढं येतंय का? सांग की, कुणाचं घेतलं मी?”

आक्कांनी मान वर केली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त या वेळी तो माझ्या कानापुरता नव्हता.

“माझं, रंगा,” त्या म्हणाल्या.